घरून काम करताना दिवस संपतो तरी केव्हा?

वळणवाट (धागालेखिका)

गेली पाच वर्षे मी घरूनच काम करते आहे. तांत्रिक पुस्तिकांचे संपादन हे माझे काम असल्यामुळे दिवसातला बराचसा वेळ एका जागी बसून, एकटीने, सलग लक्ष देण्यात जातो. सुरुवातीला माझी अगदी साधी समजूत होती, की जाण्यायेण्यात जाणारे दोन तास आता वाचतील आणि ते घराला, वाचनाला, झोपेला देता येतील. प्रवास थांबला हे खरे, पण ते दोन तास माझ्या हाती कधीच लागले नाहीत. ते जातात कुठे, हे एकदा नीट पाहावे म्हणून मागच्या महिन्यात मी टेबलावर एक वही ठेवली. खुर्चीत बसताना वेळ लिहायची आणि उठताना वेळ लिहायची, एवढा एकच नियम. का उठले, हे मुद्दामच लिहिले नाही, कारण कारणे लिहू लागले की मी स्वतःची बाजू मांडू लागते.

पहिल्या आठवड्यातल्या मंगळवारचे पान माझ्यासमोर आहे. सकाळी ८.४० ला पहिली नोंद, रात्री १०.५५ ला शेवटची, आणि मध्ये सतरा वेळा उठणे. प्रत्यक्ष खुर्चीत बसलेल्या वेळेची बेरीज मात्र सात तास दहा मिनिटे भरली. काम वाढलेले नव्हतेच. सात तासांचे काम सव्वाचौदा तासांवर पसरले होते, आणि त्या पसाऱ्यात धड कामालाही सलग वेळ मिळाला नव्हता आणि घरालाही नाही. त्याच पानावर रात्री ९.५० ते ९.५८ अशी एक नोंद आहे. एक ईमेल आला आहे का, एवढेच पाहायला मी लॅपटॉप उघडला होता. ईमेल आलेला होता आणि त्याला सकाळी उत्तर दिले असते तरी कोणाचे काही अडणार नव्हते, म्हणून मी लॅपटॉप मिटून मुलीशेजारी जाऊन पडले. पण उत्तराची वाक्ये डोक्यात जुळतच राहिली आणि शेवटी १०.४० ला उठून मी ते उत्तर लिहिलेच. मधली चाळीस मिनिटे वहीत कुठेच नाहीत. मी त्या वेळी कामही करत नव्हते आणि मुलीजवळही नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दाराशी येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, “आई, तू आत्ता घरी आहेस का?” ती आठ वर्षांची आहे. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिला खरोखरच माहिती हवी होती. हा धागा काढावासा वाटला तो त्या प्रश्नामुळे.

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली सरकारी कचेऱ्यांविषयी लिहिताना असे म्हटले होते, की एखाद्या कामाला जेवढा वेळ उपलब्ध असेल तेवढे ते काम पसरत जाते. कचेरीत निदान त्या वेळेला एक शेवट असतो. शेजारचा सहकारी पिशवी उचलतो, मजल्यावरचे दिवे मालवले जातात, परतीच्या गाडीची वेळ होते, आणि आपला दिवस आपण न संपवताही संपतो. घरी हे करायला कोणी नसते. १९७३ साली जॅक निलेस यांनी दूरसंपर्काच्या साधनांनी काम घरी नेण्याची कल्पना मांडली, तेव्हा रोजचा प्रवास वाचवणे हाच तिचा गाभा होता. तो प्रवास वाचलाही. परंतु कामाच्या माणसाचे घरच्या माणसात रूपांतर होण्यासाठी तोच अर्धापाऊण तास उपयोगी पडत होता, हे तो गेल्यावर माझ्या लक्षात आले.

म्हणून उत्पादकता कशी वाढवावी, यापेक्षा वेगळे काही मला विचारायचे आहे. तुम्ही तुमचा कामाचा दिवस संपवता कसा? प्रत्यक्ष करून पाहिलेले, फसलेले असले तरी, कृपया सविस्तर लिहावे.

कोरे पान

तुमच्या रात्रीच्या त्या आठ मिनिटांविषयी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण असे ईमेल पाठवणाऱ्यांपैकी मी एक होतो. माझ्याकडे अकरा जणांच्या टीमची जबाबदारी आहे. मला रात्री शांतपणे विचार सुचतो, त्यामुळे सुचेल तसे मी लिहून पाठवत असे आणि खाली “सवडीने पाहा” असेही लिहीत असे. ते वाक्य लिहिले की माझी जबाबदारी संपली, असे मला मनापासून वाटत होते. पुढे एका सहकाऱ्याने निरोपाच्या वेळी सांगितले, की तुमचे नाव मोबाइलच्या पडद्यावर उमटले की “सवडीने” हा शब्द कोणी वाचत नाही. ते मला फार लागले, आणि ते खरे होते.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला आणि पन्नास व त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना त्याविषयी कर्मचाऱ्यांशी बोलणी करणे भाग पडले. ऑस्ट्रेलियात असा हक्क २०२४ च्या ऑगस्टपासून लागू होऊ लागला. असे कायदे असावेत, या मताचा मी आहे. परंतु उत्तर न देण्याचा हक्क मिळाला तरी आलेला मेसेज नजरेला पडलेला असतोच, आणि तुमची चाळीस मिनिटे तिथेच गेली. म्हणून आम्ही नियम पाठवणाऱ्याला लावला. संध्याकाळी सातनंतर लिहिलेला प्रत्येक मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचेल असा लावून ठेवायचा, आणि खरोखरच तातडीचे असेल तर सरळ फोन करायचा. फोन करायला माणूस दोनदा विचार करतो. हा नियम करून चार महिने झाले आणि एवढ्या काळात रात्री तीन वेळा फोन झाले. तिन्ही कामे खरोखरच थांबण्यासारखी नव्हती.

दुसरी गोष्ट कामाच्या चॅटमध्ये नावापुढे दिसणाऱ्या, माणूस ऑनलाइन आहे असे सांगणाऱ्या हिरव्या ठिपक्याची. तो ठिपका विझू नये म्हणून लोक मध्येच माउस हलवून येतात, हे मला कळले तेव्हा दोष त्यांचा वाटला नाही. मी त्यांना कामावरून ओळखत नव्हतो, हजेरीवरून ओळखत होतो. आता सोमवारी प्रत्येकाने त्या आठवड्यात काय हातावेगळे करायचे ते दोन-तीन ओळींत लिहायचे आणि शुक्रवारी त्याच ओळींवर बोलायचे, असे ठरले आहे. मधल्या काळात कोण कधी खुर्चीत बसले आहे, हे मी पाहत नाही. हे जमायला मला वेळ लागला, कारण मी स्वतः हजेरीच्या शिस्तीत वाढलेलो आहे.

दीपमाळ

या विषयावरचा बहुतेक सल्ला “कामासाठी वेगळी खोली ठेवा” या वाक्याने सुरू होतो आणि माझ्यापुरता तिथेच संपतो. आमच्याकडे दोन खोल्या, घरून काम करणारी दोन माणसे आणि एक पाच वर्षांचा मुलगा आहे. दार लावून बसणे हा पर्यायच नाही.

आम्हाला उपयोगी पडला तो टेबलावरचा एक लहान दिवा. दिवा लागलेला असेल तर बसलेले माणूस कामावर आहे. दिवा मालवला की ते घरी आले. मुलाला घड्याळ कळत नव्हते, दिवा मात्र दोन दिवसांत कळला. त्याने नंतर आम्हालाच शिस्त लावली, कारण दिवा मालवून मी मोबाइलवर कामाचे काही पाहू लागले की तो जाऊन दिवा लावून येई. याशिवाय रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे आपापल्या मीटिंगच्या वेळा एका कागदावर मांडतो. दोघांचेही बोलणे एकाच वेळी आले तर कोण आतल्या खोलीत बसणार, हे तेव्हाच ठरते. पूर्वी हे त्या क्षणी, कॉल सुरू असताना, खुणांनी ठरत असे आणि त्याचा राग दिवसभर घरात फिरत राही.

वळणवाट, तुमच्या वहीतले ते सतरा वेळा उठणे मला फार ओळखीचे वाटले, आणि त्याविषयी एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. आमच्याकडे आम्ही दोघांनीही आठवडाभर नोंद ठेवली, तेव्हा मी सरासरी चौदा वेळा उठत होते आणि नवरा पाच वेळा. दाराची बेल, मुलाची भूक, आलेले सामान घेणे, वाळत घातलेले कपडे काढणे, हे सारे “ती घरीच आहे” या एका गृहीतावर माझ्याकडे येत होते. तोही घरीच होता. नोकरीची पाळी संपवून आलेल्या बाईची घरात दुसरी पाळी सुरू होते, हे आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ साली मांडले. घरून काम करताना दोन्ही पाळ्या एकाच वेळी चालू राहतात, असा माझा अनुभव आहे. नवऱ्याला मी हे अनेकदा बोलून दाखवले होते, पण त्याच्या मनावर परिणाम झाला तो त्या दोन आकड्यांचा. आता दुपारी बारापर्यंत दाराची बेल त्याची, त्यानंतर माझी. वरवर पाहता ही किरकोळ विभागणी आहे, परंतु सकाळी सलग अडीच तास आपल्याला कोणी उठवणार नाही, हे मनाला आधीच माहीत असले की कामात शिरणेच वेगळे होते.

अनवट

वरच्या सर्वांच्या घरात माणसे आहेत. मी एकटा राहतो आणि माझ्या दिवसात मध्येच कोणी हाक मारत नाही. माझा उरक वाढला, चुका कमी झाल्या, वरिष्ठ समाधानी होते. एका गुरुवारी संध्याकाळी बहिणीचा फोन आला आणि बोलताना माझा आवाज फुटेना. सर्दी नव्हती. सोमवारच्या मीटिंगनंतर मी तोंडाने एक शब्दही बोललो नव्हतो, सगळे काही टाइप करत होतो.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो तेव्हा निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत केलेला प्रयोग सापडला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. कॉल सेंटरमधल्या स्वयंसेवी कर्मचाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीने नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले, तेव्हा त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्यातली सुमारे ९ टक्क्यांची भर पाळीत प्रत्यक्ष काम केलेली मिनिटे वाढल्यामुळे पडली होती, म्हणजे कमी विश्रांती आणि कमी आजारपणाच्या रजा, हे त्यामानाने कमी सांगितले जाते. प्रयोग संपल्यावर निवड करायची मोकळीक मिळाली, तेव्हा घरून काम केलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक कार्यालयात परतले, आणि एकटेपणा हे त्यामागचे एक मोठे कारण होते. ब्लूम यांच्याच २०२४ मधल्या अभ्यासात, त्याच कंपनीत आठवड्यातले दोन दिवस घरून आणि उरलेले कार्यालयात अशी रचना केल्यावर कामगिरीत घट आढळली नाही आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले.

मीही आता दोन दिवस कार्यालयात जातो. तिथे काम कमी होते, हे मला मान्य आहे. ते दोन दिवस मी कामाच्या तक्त्यात कमी धरतो आणि त्याबद्दल मला खंत वाटत नाही.

तळटीप

थोडक्यात शरीराविषयी, कारण त्याचा उल्लेख अजून आला नाही. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणला तर हात उंचावतात आणि हात नीट ठेवले तर मान वाकते. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. म्हणून लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्यावेत. कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले, पडदा हातभर अंतरावर. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, कारण पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. पलंगावर बसून काम करू नये. मी दोन वर्षे केले आणि आता कंबरेचे उपचार घेते आहे.

वाटाड्या

मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. काम आणि घर यांच्यात भिंत असलीच पाहिजे, असे या धाग्यात सगळ्यांनी धरून चाललेले दिसते. माझे वडील आजारी आहेत. मी सकाळी सहा ते दहा आणि दुपारी तीन ते सहा असे काम करतो. मधला वेळ त्यांचा असतो. कधी त्यांना रात्री झोप लागत नाही, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी एखादा अहवालही पुरा करतो. मला सलग आठ तास आणि नंतर बंद दार असा दिवस मिळाला तर माझी नोकरी टिकणार नाही. माझ्यासारख्यांना ही सरमिसळच सोयीची आहे.

समाजशास्त्रज्ञ क्रिस्टिना निपर्ट-एंग यांनी १९९० च्या दशकात एका प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांकडे पाहताना फार साध्या वस्तू निवडल्या होत्या. घराच्या आणि कामाच्या किल्ल्या माणूस एका कडीत ठेवतो की दोन, दिनदर्शिका एक ठेवतो की दोन, यावरून तो काम आणि घर किती वेगळे राखतो ते त्यांनी टिपले. काही माणसे पूर्ण वेगळे राखणारी, काही पूर्ण मिसळणारी, आणि बहुतेक जण मध्ये कुठेतरी, असे ते चित्र होते. मी एका कडीतला माणूस आहे.

तरीही वळणवाट यांचा मंगळवार आणि माझा दिवस सारखा नाही, हे मला कबूल केले पाहिजे. माझे तुकडे मी ठरवलेले असतात. त्यांचे सतरा तुकडे दुसऱ्यांनी पाडले होते. दिवस अखंड आहे की तुटक, यापेक्षा तो कोणी तोडला, याने मला जास्त फरक पडतो. मात्र माझ्यासारख्यांनी एका बाबतीत सावध राहायला हवे. मिसळलेल्या दिवसात एकूण तास मोजले जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. हे वाचल्यापासून मीही एक वही ठेवली आहे. तिच्यात वेळा नाहीत, फक्त दिवसाची बेरीज आहे.

वळणवाट

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा काढून सहा आठवडे झाले आणि मधल्या काळात यातल्या काही गोष्टी मी करून पाहिल्या, त्यांचा वृत्तांत देते.

दीपमाळ, तुमचा दिवा आमच्याकडेही आला. वाटाड्या, तुमच्या भेदाने मला माझीच वही नव्याने वाचायला लावली. सतरापैकी किती वेळा मला खरोखर कोणी उठवले होते, हे पुढच्या आठवड्यात मी पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा मी स्वतःच उठत होते, आणि तेही अवघड परिच्छेद समोर आला की. म्हणजे माझा दिवस तोडणाऱ्यांत मीही होते. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची प्रसिद्ध पद्धत वापरून पाहिली, पण संपादनात पहिली पंधरा मिनिटे मजकुरात शिरण्यातच जातात, त्यामुळे गजर नेमका नको तेव्हा वाजे. आता पन्नास मिनिटांचे चार गट करते आणि सर्वांत किचकट प्रकरण पहिल्या गटात घेते. पहाटे उठण्याचा बेत चार दिवसांत बारगळला. तो मी पुन्हा करणार नाही, माझा स्वभाव तसा नाही.

दिवस संपवण्यासाठी जे टिकले ते इतकेच आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी वहीच्या डाव्या पानावर काय उरले ते लिहिते, आणि प्रत्येक उरलेल्या कामापुढे ते उद्या केव्हा आणि कुठून उचलायचे हेही लिहिते. “तिसरे प्रकरण पूर्ण करणे” असे न लिहिता “सकाळी ९ ला, तक्ता क्रमांक ४ मधली एकके तपासण्यापासून” असे. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली दाखवून दिले होते, की अपुरे राहिलेले काम पुरे झालेल्या कामापेक्षा अधिक आठवत राहते. त्यानंतर मासिकांपो आणि बाउमायस्टर यांनी २०११ साली असे दाखवले, की ते काम पूर्ण करावे लागत नाही. ते कधी आणि कसे करायचे याचा नेमका बेत आखला तरी मनातली त्याची टोचणी कमी होते. माझ्या बाबतीत हे तंतोतंत खरे ठरले. तपशील मोघम राहिला तर काम डोक्यात घोळत राहते, तक्त्याचा क्रमांक लिहिला तर राहत नाही. त्यानंतर दिवा मालवते, लॅपटॉप कपाटात ठेवते आणि वीस मिनिटे बाहेर चालून घरात परत येते. बाहेरून दार उघडून आत येणे, हे मला आवश्यक वाटते.

हे अंगवळणी पडले आहे, असे अजून म्हणवत नाही. फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले होते आणि माणसागणिक तो काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले होते, आणि त्याचा मला आधार वाटतो.

कोरे पान

एक विचारतो. मुदत जवळ आली की हे सारे कसे सांभाळता? आमच्याकडे नेमका तेव्हाच नियम मोडतो आणि मग पुढचे दोन आठवडे मोडलेलाच राहतो.

वळणवाट

मोडावा लागणार असेल तर तो मी सकाळीच मोडते. काल ६.२० नंतर वहीत एकही नोंद नाही. आज मात्र एका पुस्तिकेची अखेरची तपासणी आहे, म्हणून रात्री ९ ते १० मी कामावर असेन, असे सकाळीच घरात सांगून ठेवले आहे. मुलीने ते वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि दिवा दहाला ती स्वतः मालवणार आहे, असे तिने ठरवले आहे. तिला एवढा वेळ जागू द्यावे का, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.